तिजुकाचे लावलेले जंगल पाहायला जाताना: विदर्भातून वारंवार येणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर आणि अमरावती जिल्ह्यांतील ग्रामसभांत आणि शाळांत मी गेली काही वर्षे रिओ दि जानेरो शहरातील तिजुका जंगलाची छायाचित्रे दाखवीत आलो आहे. कार्यक्रम संपल्यावर चिठ्ठ्या येतात आणि नंतर फोनवर प्रश्न येत राहतात. मुलगा-मुलगी परदेशी असल्यामुळे ब्राझीलपर्यंत जाण्याची संधी मिळालेले काही जण प्रवासाचे विचारतात. वनहक्क समितीतील मंडळी मात्र बहुधा जंगल कसे परतले, एवढेच विचारतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तिजुका म्हणजे नेमके काय? ते ॲमेझॉनच्या जंगलात येते का?

येत नाही. ॲमेझॉनचे जंगल ब्राझीलच्या उत्तरेस आहे आणि त्याच्या मध्यावरील मानाउस हे शहर रिओपासून अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिजुका हा अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यालगत पसरलेल्या, एकेकाळच्या विशाल आणि आज बव्हंशी तुटलेल्या वर्षावनाचा तुकडा आहे. रिओ शहराच्या ऐन मधोमध उभ्या असलेल्या डोंगरांवर ते वसलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,९५० हेक्टर, म्हणजे १९५५ साली घोषित झालेल्या ताडोबा राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण एक तृतीयांश आहे. १९६१ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. ख्रिस्ताचा जो पुतळा आपण कॅलेंडरवर पाहतो, तो याच उद्यानातील कॉर्कोवादु नावाच्या डोंगरावर १९३१ पासून उभा आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील रिओच्या भूदृश्याला युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातही हे जंगल येते.

नावाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘तिजुका’ हा तिथल्या तुपी या मूळनिवासी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ चिखल, दलदल असा होतो. चिखलदऱ्याच्या नावाचा संबंध लोक कीचकाशी जोडतात हे खरे, तरी ऐकणाऱ्या कानाला दोन्ही गावे शेजारची वाटावीत.

२. एवढे घनदाट जंगल माणसांनी लावले, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजून घेतल्याशिवाय तिथे जाऊ नये, असे माझे मत आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या डोंगरांवरील जंगल तोडून कॉफीचे मळे लावले गेले. चिखलदऱ्याला कॉफीची झाडे मोठ्या झाडांच्या सावलीत वाढताना आपण पाहिली आहेत. रिओच्या डोंगरांवर मात्र जंगल जाळून उघड्या उतारावर उभ्या ओळींत कॉफी लावली गेली, त्यामुळे पावसाने माती वाहून गेली आणि काही दशकांत मळे निकामी होऊ लागले. याच डोंगरांतून निघणाऱ्या ओढ्यांवर शहराचे पिण्याचे पाणी अवलंबून होते. उतार बोडके झाले तसे ओढे आटले, आणि १८४४ सालच्या दुष्काळात तेव्हा देशाची राजधानी असलेल्या रिओला पाण्यासाठी वणवण करावी लागली. तेव्हा जंगल परत आणण्याची भाषा सरकारदरबारी सुरू झाली. १८५०च्या दशकात सरकारने मळेवाल्यांच्या जमिनी भरपाई देऊन ताब्यात घ्यायला सुरुवात केली, ११ डिसेंबर १८६१ रोजी वृक्षलागवडीचे नियम जारी झाले, आणि १८६२ पासून मानुएल गोमेस आर्चर या मेजरच्या हाती काम सोपवले गेले. तेव्हा ब्राझीलच्या गादीवर दुसरा पेद्रु हा सम्राट होता.

आर्चर यांनी १८७४ पर्यंत केलेल्या कामात एक लाखाच्या आसपास झाडे लागली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आता हा आकडा आपल्या हिशेबाने तपासून पाहावा. आपल्याकडील रोपवनात तीन मीटर अंतराने खड्डे घेतले तर एका हेक्टरमध्ये सुमारे १,१०० रोपे बसतात. तिजुकाच्या आजच्या क्षेत्रावर एक लाख झाडे वाटली तर हेक्टरी पंचवीस येतात. आर्चर यांचे काम उद्यानाच्या एका भागापुरते होते हे धरले, तरी हेक्टरी शंभराच्या आतच आकडा राहतो. एवढ्याने घनदाट जंगल होत नाही. उरलेले जंगल आपोआप उगवले. तीव्र उतारांवर आणि शिखरांजवळ जुन्या जंगलाचे जे तुकडे तोडीतून वाचले होते, तिथून वारा, पक्षी आणि वटवाघळे यांनी बी आणले, आणि मळे बंद झाल्यामुळे ते बी कोणी उपटले नाही. म्हणून ‘लावलेले जंगल’ हे नाव सोयीचे असले, तरी ‘पुन्हा तोडू न दिलेले जंगल’ हे अधिक खरे ठरेल. आपल्या डोंगरांवर हे कितपत लागू पडते, यासाठी प्रश्न १६ पाहावा.

३. खड्डे प्रत्यक्ष कोणी खोदले?

हा प्रश्न मला धानोरा तालुक्यातील एका बाईंनी पहिल्यांदा विचारला. त्याआधी माझ्या भाषणात फक्त सम्राट आणि मेजर यांची नावे असत, हे मी कबूल करतो.

ब्राझीलमध्ये गुलामी १३ मे १८८८ रोजी कायद्याने संपली. म्हणजे जंगल लावण्याचे काम सुरू झाले तेव्हा ती पूर्ण जोरात होती, आणि आर्चर यांना सुरुवातीस मजूर म्हणून सहा गुलाम मिळाले होते. त्यांची नावे नोंदींत उरली आहेत: एलेउतेरिउ, कॉन्स्तांतिनु, मानुएल, मातेउस, लेओपोल्दु आणि मारिया. आडनावे नाहीत. जवळच्या शिल्लक जंगलातून रोपे उपटून आणणे, ती उतारावर चढवणे, खड्डे घेणे आणि तण काढणे ही कामे या माणसांनी आणि पुढे त्यांच्यात भर पडलेल्या मजुरांनी केली. हे डोंगर बोडके करणारे कॉफीचे मळेही गुलामांच्याच श्रमावर चालत होते. म्हणजे जंगल तोडायलाही त्यांनाच लावले आणि उभे करायलाही.

उद्यानात फिरताना नायकांच्या नावांच्या पाट्या पुष्कळ दिसतात. त्या वाचाव्यात, वर दिलेली सहा नावेही कागदावर लिहून जवळ ठेवावीत.

४. तिजुका हे जगातील सर्वांत मोठे शहरी जंगल आहे, असे वाचले. ते बरोबर आहे का?

नाही. रिओ शहराच्याच हद्दीत पेद्रा ब्रांका नावाचे राज्य उद्यान आहे, आणि ते सुमारे १२,५०० हेक्टरांचे, म्हणजे तिजुकाच्या तिप्पट आहे. फार कशाला, मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे, तर तिजुका चाळीसच्या आत आहे. तिजुकाचे महत्त्व त्याच्या आकारामुळे नसून त्याच्या इतिहासामुळे आहे.

५. नागपूरहून कसे जायचे आणि कोणती कागदपत्रे लागतात?

भारतातून रिओला थेट विमान नाही. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तेथून आखाती, युरोपीय किंवा आफ्रिकी शहरात विमान बदलून साओ पावलो अथवा रिओ असा प्रवास होतो, आणि घर सोडल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत एक ते दीड दिवस जातो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असते. भारतीय पासपोर्टधारकाला ब्राझीलचा व्हिसा आधी काढावा लागतो. ब्राझीलचा दूतावास दिल्लीत आणि वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. कागदपत्रांची चालू यादी त्यांच्याकडूनच घ्यावी. पीतज्वराच्या दाखल्यासाठी पुढील प्रश्न पाहावा, कारण सर्वाधिक अडचण तिथेच होते.

६. पीतज्वराची लस खरोखरच आवश्यक आहे का? रिओमध्ये तर कोणी दाखला मागत नाही, असे ऐकले.

मागितला तर तो तिथे नव्हे, भारतात परतताना मागितला जातो, आणि नेमके हेच लोकांच्या लक्षात येत नाही. पीतज्वर हा डासांमार्फत पसरणारा आजार भारतात नाही. मात्र तो पसरवू शकणारे डास आपल्याकडे भरपूर आहेत. म्हणून ब्राझीलसारख्या देशातून येणाऱ्या प्रवाशाजवळ लसीचा आंतरराष्ट्रीय दाखला नसेल, तर त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि एकदा घेतलेली लस जन्मभर ग्राह्य धरली जाते. ती हव्या त्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांतच, बहुधा आधी वेळ ठरवून, मिळते. त्यामुळे तिकिटाच्या तारखेआधी किमान महिनाभर हालचाल सुरू करावी. माझ्या पहिल्या प्रवासाच्या वेळी तिकीट काढून देणाऱ्या दलालाने याचा अवाक्षरही उल्लेख केला नव्हता, आणि निघायला नऊ दिवस उरले असताना मला ते शेजारच्या गावातील परिचारिकेकडून कळले.

अपवाद महत्त्वाचे आहेत. साठीपुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले लोक यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये.

७. कोणता महिना चांगला?

रिओ विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तेवढेच दूर आहे जेवढे नागपूर उत्तरेला आहे. म्हणून ऋतू नेमके उलटे येतात. आपल्या पावसाळ्यात तिथे हिवाळा असतो, पाऊस त्यातल्या त्यात कमी पडतो आणि पायवाटा कोरड्या राहतात. जून ते सप्टेंबर हा काळ फिरण्यास उत्तम. धानाची रोवणी सोडून कोणी जंगल पाहायला जाणार नाही हे उघड आहे, म्हणून आमच्या भागातील शेतकऱ्यांना मी ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर सुचवतो. डिसेंबर ते मार्च हा तिथला उन्हाळा असून दुपारनंतर धुवाधार सरी कोसळतात, दरडी पडतात आणि काही वाटा बंद होतात. कार्निव्हलचा उत्सवही फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि तेव्हा राहण्याचे दर आवाक्याबाहेर जातात.

वर्षातील कोणत्याही दिवशी पाऊस येऊ शकतो, हे मात्र गृहीत धरावे. या डोंगरांवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत न संपता बारा महिने विखुरलेला असतो.

८. प्रवेश शुल्क किती? आत शिरायचे कुठून?

जंगलाच्या मुख्य विभागात शिरायला शुल्क नाही. पुतळ्याच्या जागेसाठी मात्र तिकीट लागते. वर जायला कॉस्मी व्हेल्यु या वस्तीतून निघणारी दातेरी रुळांची रेल्वे आहे, जी १८८४ साली सुरू झाली, किंवा अधिकृत व्हॅन आहेत. दोन्हींची तिकिटे आधी काढून ठेवावीत. या उद्यानाला अलीकडच्या वर्षांत दरसाल चाळीस लाखांहून अधिक लोक भेट देतात, पण त्यांतील बहुतेक जण पुतळा पाहून माघारी फिरतात, त्यामुळे मुख्य जंगलात शनिवार-रविवार वगळता निवांतपणा मिळतो. फाटक सकाळी आठला उघडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होते. उन्हाळ्यात थोडे उशिरा.

नावाचा घोळ होणार, हे धरूनच चालावे. तिजुका नावाची दाट वस्ती डोंगराच्या पायथ्याशी आहे, बार्रा दा तिजुका नावाचे समुद्रकाठचे उपनगर डोंगरापलीकडे आहे, आणि जंगल या दोहोंच्या मध्ये आहे. टॅक्सीवाल्याला नुसते ‘तिजुका’ म्हटले तर तो तुम्हाला बाजारात उतरवील. माझे तसेच झाले. ‘फ्लोरेस्ता दा तिजुका’ असे म्हणावे आणि आल्तु दा बोआ व्हिस्ता येथील आफोन्सु व्हिझेउ चौकाचे नाव सांगावे. मुख्य फाटक तिथेच आहे. मेट्रोने तिजुका वस्तीपर्यंत जाऊन तिथून बस किंवा टॅक्सी घेतली तर खर्च कमी होतो. रिओची माणसे या नावाचा उच्चार ‘चिझुका’च्या जवळ जाणारा करतात, हेही ध्यानात असू द्यावे.

९. आम्ही दोघे साठीपुढचे आहोत आणि गुडघे दुखतात. आमच्यासाठी काही आहे का?

पुष्कळ आहे. फाटकातून आत गेल्यावर थोड्याच अंतरावर, डांबरी रस्त्याला लागूनच, तौने नावाचा सुमारे तीस मीटर उंचीचा धबधबा आहे. त्याच्या पुढे मायरिंक ही गुलाबी रंगाची लहानशी चर्च लागते. गाडी बों रेतिरु या सहलीच्या जागेपर्यंत आतच जाऊ शकते, त्यामुळे न चालताही जंगलाच्या पोटात बसता येते.

या भागातील वळणदार रस्ते, पूल आणि तळी नैसर्गिक नाहीत. आर्चर यांच्यानंतर १८७४ ते १८८८ या काळात जंगलाची जबाबदारी बॅरन देस्क्रान्योल यांच्याकडे होती आणि त्यांनी ओगुस्त ग्लाझिऊ या फ्रेंच उद्यानरचनाकाराच्या मदतीने जंगलाला बागेचे रूप दिले. मग अनेक दशके दुर्लक्ष झाले. १९४३ पासून काही वर्षे रायमुंदु दि कास्त्रु माया या उद्योजकाने नाममात्र मानधन घेऊन सारे पुन्हा दुरुस्त केले. त्यामुळे ‘इथे जंगल कमी आणि बाग जास्त वाटते’ अशी तक्रार कोणी केली, तर ती पूर्णपणे चुकीची म्हणता येत नाही.

१०. आणि ज्यांना चढायचे आहे त्यांनी काय करावे?

पीकु दा तिजुका हे १,०२१ मीटरचे शिखर उद्यानात सर्वांत उंच आहे. उंची चिखलदऱ्यापेक्षा थोडी कमी असली, तरी पायाखाली पठार नसून थेट समुद्र असल्यामुळे नजर ठरत नाही. बों रेतिरुपासून वर जायला साधारण तासभर पुरतो. शेवटी खडकात कोरलेल्या पायऱ्या आणि आधाराला साखळदंड आहेत. बेल्जियमचा राजा आल्बर्ट १९२० साली आला तेव्हा त्याच्यासाठी त्या खोदल्या होत्या. पेद्रा बोनिता ही चढाई सोपी आहे. पेद्रा दा गाव्हिया मात्र सवय नसलेल्याने करू नये, कारण त्या वाटेवर सरळसोट कातळ हातापायांनी चढावा लागतो आणि तिथे अपघात झालेले आहेत.

११. वाघासारखा मोठा प्राणी दिसेल का? जिप्सी मिळते का?

वाघ अमेरिका खंडात नाहीच. तिथला जग्वार या डोंगरांवरून फार पूर्वी संपला. जिप्सी सफारी ही ताडोबाची कल्पना इथे लागू नाही. दिसतात ते लांब शेपटीचे आणि टोकदार नाकाचे कोआती, कापुचिन माकडे, टूकन पक्षी, आणि नशीब चांगले असेल तर झाडाला लटकलेला स्लॉथ. कोआती पिशवीतून खाऊ पळवतात. त्यांना खायला घालू नये. झाराराका नावाचा विषारी साप आहे. आपल्याकडे घोणसासाठी जी काळजी घेतो, तीच घ्यावी.

झाडे परतली म्हणून प्राणी परतले नाहीत. चारही बाजूंनी शहर असल्यामुळे नाहीसे झालेले प्राणी चालत येऊ शकत नव्हते. मोठ्या बिया गिळून, पुरून किंवा वाहून नेणारे प्राणी नसतील तर त्या बिया आईच्या झाडाखालीच कुजतात. आपल्याकडे बोरे आणि बहाव्याच्या शेंगा खाऊन अस्वल बी दूरवर टाकते, तसे काम तिथे कुतिया करते. हा सशाएवढा, बिया पुरून ठेवणारा कुरतडा प्राणी आहे. २०१० पासून तिथल्या संशोधकांनी कुतिया परत आणून सोडायला सुरुवात केली, २०१५ मध्ये हाउलर माकडे सोडली आणि २०२० मध्ये कासवे. म्हणजे लागवडीनंतर जवळपास दीडशे वर्षांनी ही उणीव भरून काढण्यास आरंभ झाला. हाउलर माकडांच्या वाटेत पीतज्वरही आला. २०१६ नंतरच्या साथीत आग्नेय ब्राझीलमध्ये ही माकडे मोठ्या संख्येने मेली. ती रोग पसरवतात अशा गैरसमजाने काही ठिकाणी लोकांनीही ती मारली. वास्तविक माकड मरते तेव्हा रोग आल्याची आगाऊ सूचनाच मिळत असते.

१२. तिथे आपला फणस आहे, आणि तो मारतात, हे खरे का?

खरे आहे. चित्रे दाखवताना सर्वाधिक कुजबुज याच वेळी होते. फणस मूळचा आपल्या पश्चिम घाटाकडचा. पोर्तुगिजांच्या काळात तो जहाजांतून ब्राझीलला पोहोचला. तिथे त्याला ‘झाका’ म्हणतात, जो मल्याळम ‘चक्का’ शब्दापासून आलेला आहे. जंगल परत उभे करताना स्थानिक झाडांबरोबर काही परदेशी झाडेही लावली गेली, त्यांत फणस होता. त्याला हवा मानवली, कोआती आणि माकडांना गरे आवडले, आणि आज काही उतारांवर फणसाखाली दुसरे रोप क्वचितच दिसते. म्हणून उद्यानात फणसाची झाडे टप्प्याटप्प्याने मारली गेली आहेत. बुंध्याची साल गोलाकार कापली की झाड उभ्याउभ्या वाळते.

आम्ही फणसाची भाजी लग्नाच्या पंगतीत मानाने वाढतो, त्यामुळे हे ऐकून वाईट वाटते, हे मीही जाणतो. परंतु आपल्या जंगलात घाणेरीने काय केले आहे ते आठवावे. ती दक्षिण अमेरिकेकडून शोभेचे झुडूप म्हणून आपल्याकडे आली आणि आज तेंदूच्या आणि मोहाच्या खालची जमीन तिने व्यापली आहे.

१३. रिओमध्ये लूटमार होते म्हणतात. एकट्याने जावे का?

एकट्याने जाऊ नये. काही वाटांवर, विशेषतः पार्की लाजी येथून पुतळ्याकडे चढणाऱ्या वाटेवर, लुटीच्या घटना झालेल्या आहेत. सकाळी लवकर, चार-पाच जणांनी मिळून आणि शक्यतो स्थानिक वाटाड्यासह जावे. मूळ पासपोर्ट मुक्कामी ठेवून त्याची प्रत जवळ ठेवावी, मंगळसूत्र आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात, आणि कोणी धाक दाखवलाच तर मोबाइल देऊन टाकावा. पोलिसांचा क्रमांक १९०, रुग्णवाहिकेचा १९२ आणि जंगलात अडकल्यास मदतीला येणाऱ्या अग्निशमन दलाचा १९३ आहे.

१४. आम्ही माळकरी आहोत. खायचे काय? आणि भाषेचे काय?

जंगलाच्या आत खाण्याच्या जागा मोजक्या आहेत, म्हणून शिदोरी बरोबर न्यावी. शहरात वरणभातासारखा भात-घेवडा सर्वत्र मिळतो, पण घेवड्याच्या रश्शात डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘सें कार्नि’ म्हणजे मांसाशिवाय. परंतु ‘कार्नि’ म्हटले की अनेकांच्या मनात फक्त गोमांस येते आणि कोंबडी किंवा मासा समोर येतो. म्हणून ‘सें फ्रांगु, सें पेशि’ हेही जोडावे. पाओ दि केझु हे चीजचे गोळे सगळीकडे दिसतात; त्यांत अंडे असते. फळांवर मात्र दिवस काढता येतो.

भाषा पोर्तुगीज आहे, आणि ती वाटते तेवढी परकी नाही. साबण, चावी, पाव, काजू हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले आहेत. काजूचे झाडसुद्धा मूळचे ब्राझीलचेच. पाटीवर ‘त्रील्या’ दिसले तर पायवाट, ‘काशोएरा’ म्हणजे धबधबा आणि ‘मिरांची’ म्हणजे दृश्य पाहण्याची जागा, एवढे तीन शब्द जंगलापुरते पुरतात.

१५. तिथले लोक जंगलातून जळतन, फळे, औषधी घेतात का? आम्हाला एखादे बी आणता येईल का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. ब्राझीलच्या कायद्यात राष्ट्रीय उद्यान हे कडक संरक्षणाच्या वर्गात मोडते आणि तिथून काहीही काढून नेण्यास मनाई आहे. निस्तार हक्कासारखी, म्हणजे गावाने घरगुती गरजेपुरते जळण-चारा घेण्याची, सोय तिथे नाही. निस्तार पत्रकाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हे खटकते, आणि ते खटकणे योग्यच आहे. पण तिथे भेट देणाऱ्याने नियम पाळावा. आगीची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. आपल्याकडे मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा जाळतात आणि वणवा लागतो. तिथे जूनमधील सणात कागदी आकाशदिवे उडवण्याची जुनी हौस असून ते जंगलात पडून आगी लागतात. १९९८ च्या कायद्याने असे दिवे उडवणे गुन्हा ठरले, तरी ते उडतातच.

बियांबाबत आपलाच कायदा आड येतो. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय बी, रोप किंवा माती भारतात आणता येत नाही. खिशातून चार बिया आणल्या तर काय बिघडते, असे वाटत असल्यास प्रश्न १२ पुन्हा वाचावा.

१६. आमच्या गावाला लागून झुडपी जंगल आहे. तिजुकासारखे जंगल तिथे होईल का?

तिजुकासारखे होणार नाही, आणि होऊही नये. तिथे बारमाही पाऊस आहे. आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात आणि आपली झाडे पाने गाळून ते सोसतात. साग, मोह, तेंदू, धावडा, पळस यांचे पानगळीचे जंगल हेच इथले पूर्ण जंगल आहे. हिरवेगार दिसत नाही म्हणून झुडपी जंगलाला पडीक समजणे ही चूक महसुली कागदांनी फार वर्षे केली. आपणही तीच करण्याचे कारण नाही.

पण तिजुकाच्या कामातील काही भाग उचलण्यासारखा आहे. पहिला म्हणजे आजूबाजूला जुन्या जंगलाचा तुकडा शिल्लक आहे का, हे आधी पाहणे, कारण खरे बी तिथून येते. दुसरा म्हणजे जमिनीत जिवंत असलेली खोडे आणि मुळे. साग, पळस, तेंदू ही झाडे तोडल्यावरही बुंध्यातून किंवा मुळातून फुटतात. काही वर्षे चराई, कुऱ्हाड आणि वणवा यांपासून ती राखली तर निम्मे काम खड्ड्याशिवाय होते. रोपे मागवायची ती जिथे काहीच फुटत नाही तिथेच, आणि एकाच जातीची नव्हे. पाचशे सागाची रोपे रांगेत लावून त्याला जंगल म्हणणे सोपे असते, कारण मोजणी लवकर होते आणि देयकही लवकर निघते.

एक फरक मात्र मी प्रत्येक ग्रामसभेत सांगतो. तिजुकामध्ये निर्णय सम्राटाच्या दरबारात झाला, श्रम गुलामांचे होते (प्रश्न ३) आणि जंगल उभे राहिल्यावर त्यावर कोणाचाही वहिवाटीचा हक्क उरला नाही. आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू कधी, किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. राखणदारी करणाऱ्यालाच उपज मिळते, तेव्हा चराईबंदी पाळण्यासाठी चौकीदार नेमावा लागत नाही.

१७. ब्राझीलला जाणे आम्हाला शक्य नाही. जवळ असे काही पाहता येईल का?

येईल. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात पायविहीर हे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेला २०१२ साली १९३ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि उजाड झालेल्या त्या जमिनीवर गावाने लागवड केली, राखण केली आणि सीताफळांची विक्री सुरू केली. सीताफळ हेसुद्धा मूळचे अमेरिका खंडातले झाड आहे. त्याचे काय करायचे, हा प्रश्न तुम्ही तिथल्या मंडळींना जरूर विचारा. जाण्याआधी ग्रामसभेला कळवावे, कारण ते पर्यटनस्थळ नाही आणि पेरणीच्या दिवसांत गावात कोणी भेटत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात गेल्यास हिरवे रान आणि सीताफळे दोन्ही मिळतात. परतवाड्याहून सकाळी निघावे आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी.